सळईचा गोल्फ

सामान्य माणसाला परवडणारा गोल्फ कुठे खेळतात ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा बीडहून निघताना माझ्या डोक्यात खारघर होतं. डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने केलेल्या त्या मैदानावर कुणीही पैसे भरून खेळू शकतो. पण मी रमलो चेंबूरच्या एका गल्लीत.

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. तिथे सभासदांच्या पिशव्या वाहणारे कॅडी आसपासच्या वस्त्यांत राहतात. हिरवळीवर दिवसभर दुसऱ्याचा खेळ पाहायचा आणि संध्याकाळी आपला मांडायचा, असा त्यांचा शिरस्ता. बांधकामावरची लोखंडी सळई घ्यायची, टोक वाकवून ठोकून चपटं करायचं, मुठीला रबरी नळीचा तुकडा चढवायचा. झाली काठी. चेंडू प्लॅस्टिकचा, भोक जमिनीत कोरलेलं, आपल्या विटीदांडूच्या गलीसारखं.

मला वेड लावलं ते या सळईने. नियमाप्रमाणे खेळाडू पिशवीत १४ काठ्या ठेवू शकतो. कुठली काठी चेंडू लांब फेकते, कुठली उंच उडवते, ते तिच्या पात्याच्या कोनावर ठरतं. इथे एकाच सळईकडून ती सगळी कामं करून घ्यायची. भिंतीवरून चेंडू न्यायचा तर पातं मनगटाने उघडायचं, दोन घरांमधल्या बोळातून सरपटवायचा तर मिटायचं. खरा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण कठीण. दहा पावलांवरच्या खिडकीचा चुरा करील. प्लॅस्टिकचा हलका असल्याने हवाच त्याला अडवते. या अडचणीतूनच हात घडतो. पत्रा, गटार, वाळत घातलेले कपडे आणि मधूनच जाणारी माणसं सांभाळून चेंडू हवा तिथे टाकणाऱ्याचं मनगट किती तयार असेल! अनिल माने याच गल्लीगोल्फमधून व्यावसायिक खेळाडू झाला. त्याआधी दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली होती. भारतीय व्यावसायिकाने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

पण गल्लीतून हिरवळीपर्यंतची वाट फार खडतर आहे. प्लॅस्टिकचा चेंडू कितीही बिनचूक मारला तरी दोनशे मीटरचा फटका त्यावर शिकता येत नाही, त्याला मैदानच हवं. बऱ्याच क्लबांत सोमवारी मैदान बंद असतं, तेव्हा कॅडींना खेळू देतात. तेवढ्या सरावावर, वर्षभर सराव करणाऱ्यांशी सामना. व्यावसायिक व्हायचं तर पात्रता स्पर्धेची फी, प्रवास, मुक्काम, काठ्या, सगळं पदरचं. कमाई मात्र त्या दिवशी कुणी पिशवी उचलायला बोलावलं तरच. स्पर्धेला गेलं की तीही बुडते. बहुतेकांचा खेळ संसार उभा राहिला की सुटतो, आणि हात चांगला असताना सुटतो, याचं मला वाईट वाटतं.

स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान आजही सार्वजनिक जमिनीवर आहे आणि रविवारी गावाला फिरायला मोकळं असतं. दिल्लीत लाडो सरायला विकास प्राधिकरणाचं सार्वजनिक मैदान आहे. आपल्याकडे खारघर आहे. ती जमीन लोकांची आहे. सिडकोने तिथे कॅडींच्या मुलांसाठी आठवड्यातली एक सकाळ विनाशुल्क राखून ठेवावी, आणि सोबत जुन्या काठ्यांचे काही संच. एवढी मागणी या लेखातून करतो आहे.