पिंडाचं गणित

एखाद्या मुलीचा ओढा लहानपणापासून चित्रांकडे असला, की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, तिचा पिंडच कलावंताचा. आणि दहाव्याला नदीकाठी कावळ्यासाठी ठेवतात तोही पिंडच. आपण हे दोन्ही अर्थ रोज वापरतो आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्याला वाटतही नाही. पण हिंदू कायद्यात कोणी कोणाशी लग्न करायचं नाही, हा प्रश्न शतकानुशतकं या एका शब्दाभोवती फिरत राहिला आहे.

बंगालच्या जीमूतवाहनाने ‘दायभागा’त दुसरा अर्थ धरला: श्राद्धाच्या पिंडाने बांधलेले ते सपिंड. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणमध्ये, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. त्याने पहिला अर्थ धरला. पिंड म्हणजे देह. बापाच्या देहाचे अंश मुलात उतरतात, बापाच्या द्वारे आजोबांचे उतरतात, आईच्या द्वारे तिच्या आईवडिलांचे. ज्यांच्यात एकाच देहाचे अंश आहेत ते सपिंड. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचं, सूक्ष्मदर्शकाची कल्पनाही नसतानाचं हे वाक्य वाचलं की अंगावर काटा येतो.

आणि पुढे तो स्वतःच एक अडचण मांडतो. संसार अनादि आहे. असं मागे मागे जात राहिलं तर कुठे ना कुठे सगळेच एकमेकांचे सपिंड ठरतील, मग लग्न करायचं कोणाशी? म्हणून कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि स्मृतीने ती बापाकडून सातव्या आणि आईकडून पाचव्या पिढीवर ओढली आहे. नात्याचा धागा तुटत नाही, आपण तो मोजणं थांबवतो, हे त्याला स्पष्ट दिसलं होतं.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ही रेघ जवळ आणली: बापाकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. मोजताना बहुतेकांची चूक होते ती इथे, की आपण स्वतः पहिली पिढी असतो. म्हणजे वडील दुसरी, आजोबा तिसरी, पणजोबा चौथी, खापरपणजोबा पाचवी. आईकडे आई दुसरी आणि तिचे आईवडील तिसरी. तिथेच थांबायचं. बाजू ठरते ती फक्त पहिल्या पायरीवर; वडिलांपासून वर गेल्यावर आजीचं माहेरही बापाच्याच बाजूत येतं. मी कागदावर चौकोन काढून मोजले. चार पिढ्या वर जाईपर्यंत प्रत्येकाला तीस पूर्वज असतात. त्यांपैकी कायद्याच्या मोजणीत येतात अठरा: बापाकडचे पंधरा, आईकडचे तीन. मुलाच्या अठरांत आणि मुलीच्या अठरांत एक जरी सामाईक निघाला, तरी ते दोघे सपिंड.

आता यातली गंमत पाहा. दोघांचे पणजोबा एकच आहेत. दोघांचंही नातं वडिलांकडून असेल, तर पणजोबा चौथ्या पिढीत, पाचाच्या आत, म्हणून लग्न शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालंच नाही. पण मुलाचं नातं आईकडून असेल, तर पणजोबा त्याच्या तिनाच्या मर्यादेबाहेर पडतात, आणि मर्यादा दोघांच्याही बाजूने लागू व्हावी लागते. ते लग्न वैध. दोन्ही जोडप्यांत रक्ताचं नातं सारखंच, सरासरीने जनुकांचा बत्तिसावा भाग समान. शरीर आईबापात भेद करत नाही, मोजणी करते. मला वाटतं, इथे कायदा देहाचा राहत नाही, घराण्याचा होतो.

सगळ्यात मोठं आश्चर्य मात्र मामाच्या घरी आहे. सख्ख्या मामेबहिणीशी जनुकांचा आठवा भाग समान असतो, म्हणजे वरच्या जोडप्यांच्या चौपट. आते-मामे भावंडं कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत आहेत, आणि ती सपिंडही आहेत. तरी कित्येक मराठी घरांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानत आले. सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणते, ते शब्द याच सोयरिकीची खूण आहेत. बौधायनाच्या धर्मसूत्रात मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेची चाल म्हणून नोंदली आहे. अर्जुनाची सुभद्रा मामाचीच मुलगी. इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांचा भारतभर अभ्यास करून दाखवलं की उत्तरेला हे लग्न अशक्य वाटतं, दक्षिणेला पसंतीचं, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर आहे.

कायदा करणाऱ्यांनी ही चाल मोडली नाही. दोघांच्याही रूढीत असं लग्न चालत असेल तर ते वैध, असं अपवादाचं वाक्य कायद्यात आहे. दोघांच्याही, एकाच्या नव्हे. आणि रूढी म्हणजे गावात दोनचार लग्नं झाली एवढं पुरत नाही. ती दीर्घकाळ, अखंड, एकसारखी चालत आलेली सिद्ध करावी लागते. 2024 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयापुढे अशीच एक स्त्री आली होती, जिचं लग्न सपिंड म्हणून शून्य ठरलं होतं. हे कलमच घटनाबाह्य ठरवा, ही तिची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. अशा लग्नाची मुलं मात्र कायद्याने औरसच असतात, हे 1955 च्या कायद्यातलं मला फार मोलाचं वाटतं.

गोत्राचं काय? 1946 च्या कायद्यानेच सगोत्र लग्नाची अडचण काढून टाकली. सारखं देवक असलेल्या घरांत, म्हणजे कळंब आणि कळंब असं, सोयरिक करत नाहीत. तो समाजाचा नियम आहे, कायद्याचा नाही. आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्यात सपिंड हा शब्दच येत नाही. तिथे पुरुषासाठी 37 आणि स्त्रीसाठी 37 नात्यांची यादी आहे, आणि भावंडांपुरतं पाहिलं तर ती सख्ख्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांपाशी थांबते. त्यामुळे एका कायद्याने शून्य ठरणारं पणजोबांच्या भावकीतलं लग्न दुसऱ्या कायद्याने नोंदवता येतं.

ते अठरा चौकोन मग मी नावांनी भरायला घेतले. आईकडचे तीन लगेच भरले. बापाकडे पणजोबांपर्यंत पोचलो, आणि पणजीपाशी पेन अडलं. तिचं लग्नानंतरचं नाव घरात सगळ्यांना माहीत आहे. माहेरचं विचारायला काकूंना फोन केला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “गाव माहितीये रे, नाव नाही.”