लोणारचा दगड गेला कुठे?

गिरसप्प्याचा धबधबा पाहायला गेलेल्या माणसाला कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. पाणी कोसळत असते, कानठळ्या बसतात, अंगावर तुषार येतात आणि माणूस आपोआप गप्प होतो. लोणारचे तसे नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या या सरोवराच्या काठावर उभे राहिले की खाली झाडीने वेढलेले हिरवट पाणी दिसते, भोवती गोल कडा दिसतो, आणि शेगाव-सिंदखेडराजा करत आलेली मंडळी फोटो काढून थोड्या वेळात गाडीकडे वळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नुसत्या डोळ्यांना लोणार म्हणजे एक मोठे तळे. तरीही निसर्गापुढे थक्क व्हायचे तर महाराष्ट्रात याच्या तोडीची जागा मला दिसत नाही. फक्त इथले थक्क होणे माहितीच्या मागून येते. हा खड्डा कसा पडला हे कळल्याखेरीज तो नीट दिसतच नाही.

खड्डा १.८ किलोमीटर रुंदीचा, आणि काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३५ मीटरची. आजूबाजूला मैलोगणती पसरलेला काळा पाषाण, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींचा थिजलेला लाव्हा. अशा मुलखात गोल खड्डा दिसल्यावर तो ज्वालामुखीचाच असणार असे कोणालाही वाटेल. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली आणि पुढे दीडशे वर्षे शास्त्रज्ञांचा कलही बहुतांशी ज्वालामुखीकडेच राहिला. पण या तर्काला एक मोठे भोक आहे, ते वयाचे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लोणारचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटींचा हा फरक लहान नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मात्र यातला कुठलाही आकडा धरला तरी इथले ज्वालामुखी त्याआधी कोट्यवधी वर्षे गार पडलेले होते.

मग पुरावा कशाचा? एक पुरावा काठावरच उघडा पडला आहे. दख्खनचे लाव्ह्याचे थर सहसा आडवे, एकावर एक बसलेले असतात. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात ते दिसतात. लोणारच्या कड्यात काठाजवळ येताच हेच थर वर उचललेले आणि बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत. म्हणजे आतून बाहेर असा प्रचंड धक्का बसला. दुसरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखालचा. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी इथल्या दगडांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्याचे नोंदले आहे. इथल्या काळ्या पाषाणातल्या, म्हणजे बेसॉल्टमधल्या, फेल्डस्पार या खनिजावर अतोनात दाब आला की त्याची आतली रचना मोडून काच होते, पण स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच राहतो. इतका दाब पृथ्वीवरचा कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो देते फक्त आकाशातून आलेल्या दगडाची धडक.

आता साहजिक प्रश्न: तो दगड कुठे आहे? याच प्रश्नाने अमेरिकेत डॅनियल बॅरिंजर या खाणमालकाला पाव शतकाहून जास्त काळ झुलवले. ॲरिझोनातल्या तशाच खड्ड्याच्या तळाशी लोखंडाचा डोंगर गाडलेला असणार म्हणून तो खणत राहिला आणि हाती काही लागले नाही. कारण साधे आहे. बाहेरून पृथ्वीवर येणारा दगड सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने येतो. त्या वेगाने मुंबईहून पुणे पंधरा सेकंदांच्या आत येईल. मोठ्या दगडाला हवेचा अडसर फारसा होत नाही. तो आदळला की सगळी गती क्षणात उष्णता आणि धक्का होऊन बाहेर पडते. दगड रुतून बसत नाही, तो जवळजवळ सगळा वितळतो आणि वाफ होऊन जातो. खड्डा पडतो तो या स्फोटाने, म्हणून तिरक्या मार्गाने आलेला दगडही गोलच खड्डा करतो, आणि तो खड्डा दगडाच्या दहा-वीसपट मोठा असतो. लोणारला ज्याने हे सगळे घडवले, ती वस्तू पाहायला मिळतच नाही. दिसतो तो फक्त परिणाम.

यावर एक जुना आक्षेप आहे: इतकी चिरफाड केल्यावर गंमत राहते कुठे? लोणासुर जमिनीखालच्या विवरात लपला होता, विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात येऊन विवरावरचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले, ही कथा काय वाईट आहे? मुळीच वाईट नाही. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर तिच्याच पोटी उभे आहे. पण कथा बारकाईने पाहा. हा खड्डा साधा नाही, इथे काहीतरी हिंसक घडले आणि वरून कोणीतरी आले, एवढे ती रचणाऱ्या लोकांनी ओळखले होते. त्यांनीही ‘हे असे का?’ असेच विचारले होते. आश्चर्याचा शत्रू उत्तर नव्हे. प्रश्नच न पडणे हा आहे.

पाण्याचेही तेच. ते खारट आहे आणि अतिशय अल्कधर्मी आहे; त्यात चिमूटभर हळद कालवली तर ती लाल होते, हळदीत चुना पडून कुंकू व्हावे तशी. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा त्याचे फोटो घरोघरी फिरले आणि नाना तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तेव्हा मिठात वाढणारे सूक्ष्मजीव आणि त्यांचे गुलाबी रंगद्रव्य हे कारण निघाले. बहुतेकांचे कुतूहल फोटोपाशी थांबले. मला तर फोटोपेक्षा हे कारण जास्त चक्रावून टाकणारे वाटते: जिथे मासा जगत नाही, तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव अख्ख्या सरोवराचा रंग बदलतात.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. सगळे माहितीनेच होत असेल तर तिथे जायचे कशाला, घरी बसून वाचावे. याला उत्तर अंतराचे आहे. १.८ हा आकडा वाचताना काहीच वाटत नाही. काठाचा फेरा साडेपाच-सहा किलोमीटरचा. उन्हात, झुडपांतून वाट काढत तो पुरा करायला दोन तास सहज लागतात. खड्डा पडायला मात्र अर्धे मिनिटही लागले नसावे. ही दोन मापे एकाच देहात एकत्र आणायची तर पायच हवेत. म्हणूनच काठावरच्या मंदिरांपाशी फोटो काढून परतणाऱ्यांसाठी तिथे नव्या बागेपेक्षा किंवा रोषणाईपेक्षा एका माणसाची गरज जास्त आहे, जो कड्यावर बोट ठेवून सांगेल की हा थर बघा, हा मुळात आडवा होता.