क्षयजंतू आणि महाभक्षक पेशीचा चयापचय

रोगप्रतिकारशक्तीच्या विवेचनात प्रतिपिंडे, टी-पेशी व लस यांनाच प्राधान्य मिळते. या पेशी ग्लुकोजचे काय करतात, हा प्रश्न जीवरसायनशास्त्राच्या प्रकरणात जातो आणि तेथेच राहतो. ही विभागणी अध्यापनास सोयीची असली, तरी क्षयरोगासारख्या संसर्गाचे आकलन तिच्यामुळे अपुरे राहते.

फुप्फुसात शिरलेल्या क्षयजंतूला प्रथम गिळते ती महाभक्षक पेशी, अर्थात मॅक्रोफेज. शांत अवस्थेत ती ग्लुकोजचे तंतुकणिकेत पूर्ण ऑक्सिडीकरण करते. एका रेणूमागे सुमारे ३० एटीपी मिळतात. उद्दीपित झाल्यावर मात्र ऑक्सिजन उपलब्ध असूनही ती ग्लायकोलिसिसवर भर देते, ज्यातून अवघे २ एटीपी हाती येतात. ऑटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात कर्कपेशींत असाच प्रकार पाहिला होता. वरकरणी हा उधळेपणा वाटतो; परंतु ऊर्जा त्वरित मिळते, आणि क्रेब्ज चक्र अन्य कामासाठी मोकळे होते.

खरे मर्म येथेच आहे. हे चक्र दोन ठिकाणी खंडित होते. साचलेले सक्सिनेट हिफ-१ अल्फा या प्रथिनास स्थैर्य देते व इंटरल्युकिन-१ बीटा या दाहकारक संदेशकाची निर्मिती वाढवते, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. चक्रातीलच सिस-अ‍ॅकोनिटेटपासून इटाकोनेट तयार होते. क्षयजंतू यजमानाच्या मेदाम्लांवर गुजराण करतो. त्यासाठी आवश्यक असलेले आयसोसिट्रेट लायेज हे विकर इटाकोनेट रोखते. म्हणजे इंधनाच्या वाटेवरील एक पदार्थ आज्ञा ठरतो, तर दुसरा शस्त्र. जंतूही स्वस्थ बसत नाही. इटाकोनेटचे विघटन करण्याची क्षमता त्याच्यापाशी आहे. शिवाय इटाकोनेट दाहास आवरही घालते: ते निर्माण करू न शकणारे उंदीर क्षयसंसर्गात अतिरेकी दाहाने दगावतात. यांतील बराचसा पुरावा उंदरांच्या पेशींवरील आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असल्याने हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. कुपोषणात लेप्टिन घटते, आणि लेप्टिनच्या अभावी सक्रिय टी-पेशींचे ग्लुकोजशोषण मंदावते. झारखंडमधील 'रेशन्स' चाचणीत रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक आहार दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात मुबलक ग्लुकोज म्हणजे सबळ प्रतिकार असेही नव्हे. मधुमेहींना क्षयाचा धोका इतरांच्या दुप्पट ते तिप्पट असतो, आणि म्हणूनच राष्ट्रीय कार्यक्रमात क्षयरुग्णांची रक्तशर्करा तपासली जाते.