शेअर विकलेत? मग खरेदीची किंमत नीट लिहा

पेण म्हटलं की गणपती आणि पापड आठवतात. पण तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल डोलवीच्या पोलाद कारखान्यावर पेटते. पूर्वी 'इस्पात' म्हणून ओळखला जाणारा हा कारखाना 2010 मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलकडे आला. या कंपनीने 2021 मध्ये कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या नव्या योजना आणल्या. असे शेअर, म्हणजे 'ईसॉप', आता साहेबलोकांपुरते राहिलेले नाहीत. मुलीची अ‍ॅडमिशन, घराची डागडुजी अशा वेळी ते विकले जातात. खरी गडबड होते ती नंतर, रिटर्न भरताना.

मैत्रिणींनो, या शेअरवर कर दोनदा लागतो, पण दोन वेगवेगळ्या रकमांवर. शेअर हातात येतात त्या दिवशी बाजारभाव आणि आपण भरलेली किंमत यांतला फरक पगारात धरला जातो. त्यावरचा टीडीएस कंपनीच कापते. पुढे शेअर विकले की त्यानंतर जेवढा भाव वाढला, तेवढाच नफा.

समजा, 'ह्यांना' 100 शेअर 200 रुपयांना मिळाले. त्या दिवशी भाव 900 होता. म्हणजे 70,000 रुपये पगारात धरले गेले. आठ महिन्यांनी 1,000 च्या भावाने विकले. आता नफा किती? बरेच जण खरेदी 200 ची लिहितात आणि 80,000 नफा दाखवतात. खरेदी धरायची 900! नफा फक्त 10,000. वर्षाच्या आत विकलेल्या लिस्टेड शेअरवर 20 टक्के कर. म्हणजे 2,000 रुपयांच्या जागी 16,000 भरायचे, सेस वेगळाच! पापडाचा नफा काढताना आपण पीठ आणि मजुरी वजा करतोच ना? इथेही तसंच.

12 महिन्यांहून जास्त ठेवून विकले, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावरच्या रकमेला 12.5 टक्के. हे दर 23 जुलै 2024 पासूनचे. दिवस मोजायचे ते शेअर मिळाल्या तारखेपासून.

"टीडीएस कापलाय, मग आणखी काय दाखवायचं?" असं म्हणून गप्प बसू नका. विक्रीची माहिती खात्याकडे पोहोचते आणि पोर्टलवरच्या एआयएसमध्ये दिसते. तिथली खरेदीची किंमत मात्र बरोबर असेलच असं नाही, ती आपणच तपासायची. आठ महिन्यांत विकल्याचा असा नफा 'सहज' फॉर्ममध्ये बसत नाही. नोकरदाराने आयटीआर-2 घ्यावा.

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांची मुलं आता पुण्याला, ऐरोलीला आयटीत आहेत. त्यांना अमेरिकन कंपनीचे शेअर मिळत असतील, तर नियम थोडे वेगळे. तिथे 12 ऐवजी 24 महिने धरतात. आणि एकही शेअर विकला नसला तरी परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागतात. लेकाला फोनवर जेवलास का विचारताना हेही विचारा!

घरच्या फाइलमध्ये तीन कागद हवेतच: शेअर मिळाल्याची तारीख आणि त्या दिवशीचा भाव सांगणारं कंपनीचं पत्र, आपण ज्याला फॉर्म 16 म्हणतो ते पगाराचं सर्टिफिकेट, आणि विक्रीची ब्रोकरची पावती. सीएकडे जाताना पहिला कागद विसरू नका. 900 चा आकडा तिथेच सापडतो.