‘पाय दुखतोय,’ असं तो सांगत होता

हा किस्सा एनबीएचा बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन आयुष्यभर रंगवून सांगायचा. साल १९८५. बॉस्टन सेल्टिक्समध्ये येण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी चालली होती. डॉक्टर त्याच्या पायांचे एक्स-रे पाहत होते आणि एकमेकांकडे बघून माना हलवत होते. एवढ्यात क्लबचे सर्वेसर्वा रेड ऑरबॅक खोलीत आले. डॉक्टर काही बोलायच्या आत त्यांनी सरळ वॉल्टनलाच विचारलं, की बाबा, तुला बरं वाटतंय का, खेळू शकशील का? वॉल्टन हो म्हणाला. झालं, रेडनी तिथल्या तिथे निकाल दिला.

हा सौदा ठरला तोही असाच. वॉल्टनने स्वतः रेडना फोन करून, मला घ्या, असं सांगितलं. तेव्हा संघाचा स्टार लॅरी बर्ड नेमका त्यांच्या खोलीत होता. रेडनी त्याचं मत विचारलं. बर्डचं म्हणणं साधं होतं: आपण धडधाकट आहोत असं तो सांगत असेल, तर तेवढं पुरे.

एका खेळाडूच्या शब्दावर विश्वास ठेवला, यात किस्सा तो काय, असं कुणालाही वाटेल. ते कळायला दहा वर्षं मागे पोर्टलंडला जावं लागतं.

यूसीएलए विद्यापीठाचा हा पोरगा १९७३ च्या विद्यापीठ अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात २२ पैकी २१ फेक बास्केटमध्ये टाकून ४४ गुण करून बसला होता. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पोर्टलंडच्या संघाने त्याला पहिल्याच क्रमांकावर उचललं. पण पहिल्या हंगामात तो खेळला ३५ सामने, दुसऱ्यात ५१. कधी पाय, कधी घोटा, कधी मनगट. मग कुजबुज सुरू झाली. वॉल्टन शाकाहारी होता, केस लांब, दाढी वाढलेली, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उघड बोलणारा. लोकांना कारण सापडलं: भाजीपाला खाऊन हाडं ठिसूळ होणारच! काहींनी तर दुखणं ढोंग असल्याचंही ठरवून टाकलं. खरं तर त्याच्या पायांची घडणच जन्मतः वेगळी, तळव्याची कमान फार उंच. उडी मारून जमिनीवर आल्यावर बसणारा हादरा तो पाय पुरता जिरवू शकत नव्हता. पण हे कुणी ऐकायला तयार नव्हतं, कारण त्याच्याबद्दलचं मत आधीच पक्कं झालं होतं.

१९७७ मध्ये तो धड राहिला आणि पोर्टलंड विजेतं झालं. अंतिम फेरीत फिलाडेल्फियाविरुद्ध पहिले दोन सामने हरून पुढचे चार सलग जिंकले. शेवटच्या सामन्यात वॉल्टनचे २० गुण, २३ रिबाउंड, ७ असिस्ट आणि ८ ब्लॉक. मला यात सगळ्यात मोलाचे वाटतात ते सात असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला गुण मिळवून देणारे पास. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू, हातात आला की पाय जमिनीला टेकायच्या आत त्याचा पास अर्ध्या मैदानापलीकडे गेलेला असे. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहिलेला डोंगर, ही समजूत त्याने मोडली. त्याला ‘सात फुटी’ म्हणवून घेणंही आवडत नसे. उंची कितीही भरो, अधिकृत कागदावर त्याने कायम सहा फूट अकरा इंचच लावून घेतले.

पुढच्या हंगामात पहिल्या साठ सामन्यांत संघाने पन्नास जिंकले आणि वॉल्टनचा पाय पुन्हा गेला. तो ५८ च सामने खेळला, तरी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्लेऑफमध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध दुखणं मारायचं इंजेक्शन घेऊन तो मैदानात उतरला. नंतर एक्स-रे काढला तेव्हा डाव्या पायाचं नॅव्हिक्युलर हाड मोडलेलं निघालं. पायाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या अगदी माथ्यावर बसलेलं हे होडीच्या आकाराचं छोटं हाड. त्याच्या मधल्या भागाला रक्त कमी पोचतं, म्हणून एकदा चिरलं की लवकर सांधत नाही. पुढे बास्केटबॉलपटू याओ मिंगची कारकीर्द याच हाडाने आखूड केली. त्याच खेळातल्या जोएल एम्बिडला सुरुवातीचे दोन हंगाम याच हाडापायी बाहेर बसावं लागलं.

वॉल्टनने क्लबच्या वैद्यकीय उपचारांवर जाहीर आरोप केले, दुसऱ्या संघात पाठवा म्हणाला आणि पुढचा अख्खा हंगाम बाहेर बसला. कालपर्यंत ज्याला डोक्यावर घेतलं, तो एका रात्रीत गावाला कृतघ्न वाटू लागला. माझ्या मते इंजेक्शन हाच या गोष्टीतला खरा गुन्हेगार आहे. वेदना ही शरीराने दिलेली ताकीद असते. इंजेक्शनने ताकीद बंद झाली, हाडावरचा भार तेवढाच राहिला.

मग सॅन दिएगो, त्याचं स्वतःचं गाव. तिथे पहिल्या हंगामात १४ सामने, पुढचे दोन हंगाम शून्य. त्या काळात तो स्टॅनफर्डला कायद्याचा अभ्यास करत होता.

अशा माणसावर रेडनी भरवसा ठेवला. बॉस्टनमध्ये त्या १९८५-८६ च्या हंगामात तो ८० सामने खेळला, कारकिर्दीतले सर्वाधिक. बेंचवरून उठायचा, सरासरी एकोणीस मिनिटं खेळायचा, बर्डला पास द्यायचा. सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार त्यालाच मिळाला, संघ विजेता झाला, आणि बर्ड, मॅकहेल या मंडळींत तो लहान मुलासारखा रमला. पुढच्याच वर्षी व्यायामाची सायकल चालवताना पाय दुखावला. दहा सामने, आणि संपलं.

पुढे दोन्ही घोट्यांचे सांधे कायमचे जोडून टाकावे लागले. पाठीचा कणा असा बिघडला की जेवणसुद्धा जमिनीवर पालथं पडून करावं लागे. जीव नकोसा झाल्याचं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. शस्त्रक्रिया तीसहून जास्त. त्यातून उठून तो आपल्या समालोचनाच्या कामाला पुन्हा लागला. पोर्टलंडला जाऊन, आपण ज्या तऱ्हेने हा संघ सोडला त्याचं वाईट वाटतं, अशी जाहीर कबुलीही त्याने दिली. चूक एकट्याची नसताना माफी मागणारा तो एकटाच निघाला, हे मला फार लागतं.

त्याच्या कारकिर्दीच्या चौदा हंगामांत मिळून ११४८ सामने होते. वॉल्टन त्यातले ४६८ खेळला. २७ मे २०२४ रोजी तो गेला. पोर्टलंडने त्याचा ३२ नंबर पुन्हा कुणाला दिला नाही, आणि त्या क्लबच्या नावावर आजही अजिंक्यपद एकच आहे: १९७७ चं.