मोटरवरची भरड चक्की: आधी वेग कमी करा

बेगडेवाडी स्टेशनवर लोकलची वाट बघत ऐकत असाल, तरी आजचा हिशेब तोंडी जमेल.

परदेशात घरी बिअर बनवणारे लोक माल्ट भरडायला दोन रोलरची छोटी चक्की वापरतात. आपल्याकडे विनापरवाना दारू बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय सोडा. पण तीच चक्की दलिया आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी मस्त चालते. घरघंटी पीठ करते, ही फक्त दाणा फोडते.

आता मुद्दा. साधी सिंगल फेज मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. चक्की थेट जोडली तर दाणे उडतात, पीठच जास्त पडतं. म्हणून मोटरला २ इंची पुली, चक्कीला १२ इंची. १२ भागिले २ म्हणजे ६. १४४० भागिले ६ म्हणजे २४० फेरे. वेग सहापट कमी, जोर जवळपास सहापट जास्त.

स्टँड लोखंडी अँगलचा करा. आधी खाली बादली ठेवा, मग उंची ठरवा. मोटरच्या बोल्टसाठी लांबट भोकं पाडा, म्हणजे मोटर सरकवून पट्टा ताणता येतो. दोन्ही पुली एका रेषेत हव्यात, नाहीतर पट्टा उतरतो.

आणि पट्ट्यावर जाळी लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही! ओढणी, केस, बोट, काहीही ओढलं जातं. अर्थिंग हवंच, बटण हाताशी हवं. दाणा अडकला तर आधी प्लग काढा, मगच हात घाला.