हेडलॅम्पचा उजेड किती, बाता किती?

‘शनिवारी रात्री कळसूबाई, कोण कोण येतंय?’ ऑफिसच्या ग्रुपवर असा मेसेज पडला की शूज, सॅक, पोंचो, थेपले अशी जय्यत तयारी सुरू होते. टॉर्च मात्र शेवटच्या दिवशी आठवतो! मग भाईंदर स्टेशनबाहेरच्या दुकानातून नाही तर ऑनलाइन सेलमधून तीनशे-चारशे रुपयांचा हेडलॅम्प उचलला जातो. खोक्यावर छापलेलं असतं, ‘१०,००० लुमेन, १२ तास बॅटरी’. दुकानदारही ठासून सांगतो, ‘मॅडम, सर्चलाइट आहे सर्चलाइट!’

आता जरा विचार करा. कळसूबाई म्हणजे १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. सूर्योदय वरून बघायचा तर बारी गावातून मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. वाटेत लोखंडी शिड्या. दोन्ही हात शिडीला हवेत, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च तिथे कामाचा नाही. अशा वेळी कपाळावरचा दिवा मिणमिणायला लागला तर तुम्ही एकटे नाही, मागची अख्खी बॅच खोळंबते. आणि घाईत पाय चुकला तर? म्हणूनच दिव्याची परीक्षा डोंगरावर नको, घरीच घ्यायची.

आधी साधं गणित

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. स्वस्त एलईडी एका वॅटमागे साधारण शंभर लुमेन देतो असं धरू. म्हणजे १०,००० लुमेनसाठी १०० वॅट लागतील. तो हेडलॅम्प नाही, कपाळावरची इस्त्री झाली!

आता बॅटरी. अशा लॅम्पमध्ये बहुतेक वेळा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. चांगल्यातल्या चांगल्या कंपनीच्या सेलची क्षमता साधारण ३,५०० एमएएच. त्यामुळे सेलवर ‘९,९०० एमएएच’ दिसलं की हसायचं आणि पुढे जायचं. ३,५०० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणा, मिळतात जेमतेम १३ वॅट-अवर. म्हणजे खरोखरचे हजार लुमेन फार तर सव्वा तास. स्वस्त सेलमध्ये १,२०० एमएएचच निघाली, तर अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास.

एक सोपी युक्ती सांगते. सेल बाहेर निघत असेल तर किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवा. अस्सल सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. बराच हलका लागला तर आत माल कमी आहे, हे समजून जा.

बाथरूम लॅब

आमच्या मीरा रोडच्या वन बीएचकेत खिडकी झाकली की मिट्ट काळोख होणारी एकच जागा आहे, बाथरूम! पांढऱ्या टाइल्स, पांढरं छत, टेस्टिंगला एकदम परफेक्ट. मोबाइलवर लक्स मोजणारं फुकट अ‍ॅप घेतलं. फोन जमिनीवर उताणा ठेवला आणि हेडलॅम्प बादलीवर छताकडे तोंड करून. थेट प्रकाश फोनवर पडू द्यायचा नाही, छतावरून परतलेलाच मोजायचा. अ‍ॅपचा आकडा तंतोतंत बरोबर नसतो, पण जागा तीच ठेवून फक्त दिवा बदलला तर तुलना बऱ्यापैकी खरी निघते.

तुलनेला एका ट्रेकर मैत्रिणीचा नावाजलेल्या कंपनीचा ३०० लुमेनचा लॅम्प आणला होता. माझ्या ‘दहा हजारी’ दिव्याचं रीडिंग आलं त्याच्या निम्मं. म्हणजे खरे लुमेन दीडशेच्या आसपास! मग दर अर्ध्या तासाने रीडिंग घेत बसले. तासाभरात उजेड एक तृतीयांशावर आला, तीन तासांनी नुसती काजव्याएवढी धुगधुगी उरली. मैत्रिणीचा लॅम्प पहिल्या काही मिनिटांत थोडा उतरला आणि मग बराच वेळ एकसारखा राहिला. गंमत म्हणजे नुसत्या डोळ्यांना हा फरक कळतच नाही. उजेड हळूहळू उतरला की डोळे सवय करून घेतात. म्हणून मोजायचंच.

मग ‘१२ तास’ येतात कुठून?

टॉर्चसाठी एएनएसआय एफएल-१ नावाचं अमेरिकन मानक २००९ मध्ये आलं. त्यात लुमेन दिवा लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळात मोजतात. बॅटरीचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ३०० लुमेनचा लॅम्प ३० लुमेनवर रांगत असला तरी घड्याळ चालूच! किती मीटर लांब उजेड जातो हेही पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, ०.२५ लक्स, उरतो तिथपर्यंत मोजतात. थोडक्यात, मानक पाळणाऱ्या कंपनीचा आकडाही नीट वाचावा लागतो. आणि ज्या खोक्यावर कुठल्याच मानकाचं नाव नाही, त्यावरचा आकडा म्हणजे निव्वळ कवितेचा प्रांत.

घेताना एवढं बघा

- पायवाटेने चालायला ५० ते १०० लुमेन पुरतात. वाट शोधायला मधूनमधून २००-३०० मिळाले की झालं.
- मीडियम मोडवर किती तास, हे विचारा. तुमच्या चढाईच्या दुप्पट वेळ हवा.
- पाऊस असेल तर किमान आयपीएक्स-४, म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण.
- लाल लाइट असेल तर उत्तम. मे-जूनमध्ये राजमाची, पुरुषवाडीला काजवे बघायला जाल तेव्हा पांढऱ्या झोताने त्यांना त्रास होतो.
- लिथियम सेलवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक शोधा.
- बदलता येणारी बॅटरी असेल तर एक जास्तीची सॅकमध्ये टाका.

माल हातात आला की रिटर्नची मुदत संपायच्या आत बाथरूम टेस्ट उरकून घ्या. खोटा दावा उघड झाला तर रीडिंगचे फोटो जोडून वस्तू परत करा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. फसवी जाहिरात हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचाही विषय आहे, चारशे रुपयांच्या वस्तूची असली तरी!